अकॉर्डियनचा भाता नीट बंद ठेवण्यासाठी: पट्टे, टिचबटणे आणि त्यांची डागडुजी

अकॉर्डियनच्या भात्यावर वरच्या आणि खालच्या अंगाला चामड्याचा एकेक आखूड पट्टा असतो. दुकानदार त्याला 'बेलोज स्ट्रॅप' म्हणतात, आपण भातापट्टा म्हणू, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यांशी गोंधळ होणार नाही. नवशिक्या माणूस या दोन पट्ट्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. भात्याची बरीच दुखणी मात्र तिथूनच सुरू होतात.

४८ बासचे (म्हणजे डाव्या हाताला ४८ बटणे असलेले) वाद्य साधारण सहा-सात किलोचे असते, १२० बासचे दहा-बारा किलोचे. उजवीकडचा सुरांचा भाग आणि डावीकडचा बासचा भाग ही दोन जड लाकडी खोकी एकमेकांना जोडलेली असतात ती केवळ भात्याच्या घड्यांनी. घड्या पुठ्ठ्याच्या, वरून कापड, कोपऱ्यात पातळ मऊ चामडे आणि टोकांवर पत्र्याची टोपणे. पट्टे सुटलेले असताना वाद्य एका बाजूने उचलले, की दुसरे खोके लोंबते आणि त्याचा सगळा भार कोपऱ्यांतल्या त्या पातळ चामड्यावर येतो. एकदा-दोनदा चालून जाते. रोज तसेच उचलत राहिलात तर कोपऱ्यातून हवा सुटू लागते, आणि कोपरे बदलण्याचा खर्च पट्ट्यांच्या किमतीच्या कैक पटींनी येतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. भाता बंद करायचा तो हवेच्या बटणाने, म्हणजे सूर न वाजवता हवा सोडणाऱ्या, डाव्या अंगठ्याजवळच्या बटणाने. पट्ट्याने फक्त बंद झालेला भाता धरून ठेवायचा. पट्टा ओढून, ताणून भाता मिटवायला जाल तर पट्टा तुटेल, नाहीतर त्याची खुंटी उपटून येईल.

तुमच्या वाद्याला कोणती सोय आहे?

पियानो-अकॉर्डियनवर बहुतेक वेळा टिचबटणाचा पट्टा असतो. त्याचे एक टोक एका खोक्याला स्क्रूने कायमचे बसवलेले असते. दुसऱ्या टोकाला आतून टिचबटणाची वाटी आणि बाहेरून तिची टोपी असते, आणि समोरच्या खोक्यावर तिची खुंटी स्क्रूसारखी लाकडात पिळलेली असते. पुष्कळ वाद्यांवर पट्टा बसवलेल्या बाजूलाच आणखी एक खुंटी दिसते. ती जादा किंवा चुकून लागलेली नसते. वाजवताना मोकळा पट्टा मागे दुमडून तिच्यावर अडकवायचा असतो. तसा अडकवला नाही तर भाता मिटताना पट्ट्याचे टोक घड्यांमध्ये सापडते, भाता एका अंगाने उघडा राहतो आणि घडीची कड चेपते.

बटणांच्या लहान डायटोनिक वाद्यांवर (भाता ओढताना एक आणि दाबताना दुसरा सूर देणाऱ्या) वेगळा प्रकार दिसतो: पट्ट्याला नुसते भोक आणि खोक्यावर पितळी गुंडी. यात झिजायला स्प्रिंग नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. भोक मात्र हळूहळू लांबट होत जाते. बॅगवाल्याकडून त्यात पितळी आयलेट (भोकाची कड धरणारी कडी) मारून घेतली की काम भागते. जुन्या वाद्यांवर धातूचे आकडे आणि कड्या असतात. आकडा वाकला असेल तर पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून तो सावकाश सरळ करा. वाजवताना खडखड येत असेल तर कडीखाली चामड्याची चकती ठेवा.

कॉन्सर्टिनाला, म्हणजे दोन हातांत धरून वाजवायच्या छोट्या भातावाद्याला, बहुधा पट्टाच नसतो. तिच्या पेटीतले अस्तर लावलेले ठोकळे दोन्ही टोकांवर दाब देऊन भाता मिटलेला ठेवतात, त्यामुळे ती पेटीबाहेर पडून राहणे बरे नाही.

काही जण टिचबटणांऐवजी चुंबक किंवा वेल्क्रो लावून घेतात. वेल्क्रोत भात्याचा धूळदोरा अडकून तो लवकर निकामी होतो. चुंबकाने पेटीत ठेवलेले वाद्य मिटलेले राहते, पण उचलताना तो सुटणार नाही याची खात्री नसते. आमच्या मते साधे टिचबटणच बरे, कारण ते लागले की 'टिच' असा आवाज येतो आणि न बघताही कळते.

उघडण्याची रीत

१. बसा, वाद्य मांडीवर घ्या, दोन्ही खांदेपट्टे चढवा, डावा हात बासच्या पट्ट्यात घाला. तोवर भातापट्ट्यांना हात लावू नका.

२. आधी खालचा पट्टा सोडा. तो दिसत नाही. उजवा हात खाली नेऊन बोटांनी पट्ट्याची जीभ चाचपा, म्हणजे टिचबटणाच्या पुढे उरलेले टोक. ते नखाने धरून खोक्यापासून सरळ बाहेर उचला. पट्टा मधोमध धरून आडवा हिसकलात तर चामड्यातून टोपी उपटून येते.

३. मग वरचा सोडा. दोन्ही पट्टे मागच्या खुंट्यांवर अडकवा.

४. हवेचे बटण दाबून भाता चार बोटे उघडा, पुन्हा मिटा. दोन्ही अंगे मोकळी आहेत ना ते पाहा.

खालचा आधी का, तर वरचा डोळ्यांसमोर असतो आणि तो विसरणे अवघड. खालचा विसरतो, आणि गंमत अशी की विसरलेले लगेच कळतही नाही. अकॉर्डियन वाजवताना भाता पंख्यासारखा वरून जास्त उघडतो, खालून कमी. खालचा पट्टा लागलेला असला तरी वरून हवा मिळते, सूर निघतात, फक्त 'आज भाता जड का वाटतोय' एवढेच जाणवते. तेवढ्यात खालच्या खुंटीचा स्क्रू लाकडातून कणाकणाने सुटत असतो. खालचीच खुंटी पुनःपुन्हा सैल होत असेल तर दोष खुंटीत शोधण्याआधी स्वतःची सवय तपासा.

पेटीवरून अकॉर्डियनकडे येणाऱ्यांचे इथे हमखास चुकते. बऱ्याच हार्मोनियमच्या भात्याला दोन्ही बाजूंना खटके असतात आणि वादक सोयीप्रमाणे एकच बाजू सोडून वाजवू शकतो. पेटीला ते मानवते, अकॉर्डियनला नाही. इथे दोन्ही पट्टे सुटलेले हवेत.

बंद करण्याची रीत

१. वाजवणे संपले की डाव्या अंगठ्याशी असलेले हवेचे बटण पूर्ण दाबा आणि डाव्या हाताने बासचे खोके सावकाश आत आणा. आवाज न होता भाता मिटला पाहिजे. बटण न दाबता रेटलात तर कोंडलेली हवा कमकुवत जागेतून वाट काढते. ती जागा असते भात्याच्या चौकटीखालची हवा अडवणारी पट्टी, नाहीतर घडीचा कोपरा.

२. अगदी लहान किंवा खेळण्यातल्या वाद्याला काही वेळा हवेचे बटण नसते. तिथे उजव्या हाताने पाच-सहा सूर एकदम दाबून ठेवा आणि हळू मिटा. आवाज होईल, होऊ द्या.

३. बटण दाबलेलेच ठेवून घड्यांवरून नजर फिरवा. वरून मिटलेल्या आणि खालून बोटभर उघड्या असतील तर बासचे खोके खालून किंचित आत दाबा.

४. उजव्या हाताने वरचा पट्टा लावा. वाटी खुंटीवर बरोबर बसवून मधोमध अंगठ्याने दाबा. कडेला दाबले तर वाटी तिरपी बसते, लागल्यासारखी वाटते आणि वाद्य उचलताच सुटते.

५. मग खालचा लावा. आवाज ऐकू आला तरी जीभ एकदा हलकेच ओढून बघा.

६. आता डावा हात काढा आणि शेवटी खांदेपट्टे उतरवा. डावा हात आधी काढून मग पट्टे लावायला गेलात की बासचे खोके मांडीवरून घरंगळते.

भातापट्ट्यात बोट घालून वाद्य कधीही उचलू नका. दिसायला तो मुठीसारखा दिसतो, पण तो एका टिचबटणावर आणि एक-दोन छोट्या स्क्रूंवर तोललेला असतो.

पट्टा धरत नाही, तेव्हा

बटण लागते पण जरा हलवले की सुटते, याची कारणे साधारण तीन.

पहिले, वाटीतली स्प्रिंग दमलेली. वाटी उलटी करून भिंगाने पाहा. आत एकतर दोन बारीक समांतर तारा दिसतात किंवा गोल कडे. तारा फाकलेल्या असतील तर पकडीने जवळ आणण्याचा मोह होतो. तसे केल्याने आठवडाभर भागते, मग तार तुटते. वाटी बदला, आणि शक्य असेल तर खुंटीही, कारण झिजलेल्या खुंटीवर नवी वाटीही ढिली बसते. नवी घेताना गोल कड्याची घ्या, तिची पकड जास्त असते.

दुसरे, माप वेगळे. टिचबटणे आणि बटणे 'लाइन' या मापाने विकली जातात. ४० लाइन म्हणजे १ इंच. २० लाइनचे बटण सुमारे १२.७ मिलिमीटर, २४ लाइनचे सुमारे १५ मिलिमीटर रुंद असते. आधीच्या कोणीतरी वाटी बदलताना जवळपासचे माप लावलेले असते आणि ते 'जवळजवळ' लागते. एकाच मापातही कंपनीगणिक खुंटीच्या डोक्यात फरक पडतो. म्हणून जुनी खुंटी काढून दुकानात सोबत न्या आणि तिथेच लावून पाहा.

तिसरे, मळ आणि गंज. समुद्राजवळच्या घरांत निकेलचा मुलामा उडतो आणि खालचे पितळ कळकते. हिरवट कळंक कापसाच्या बोळ्याने, अगदी थोड्या स्पिरिटने पुसा. स्पिरिट खोक्याच्या सेल्युलॉइडला, म्हणजे वरच्या चकचकीत आवरणाला, लागू देऊ नका, चकाकी जाते. चिंच किंवा लिंबू घरातल्या पितळेला ठीक, इथे नको: आंबट पाणी चामड्यात आणि स्क्रूच्या भोकात मुरते. तेलाचा थेंबही नको. तो सरकत भात्याच्या कापडावर जातो आणि धूळ धरतो. खुंटीच्या डोक्यावर मेणबत्ती एकदा फिरवली की पुरे.

पट्टा लागलेला असूनही भाता तीन-चार मिलिमीटर उघडा राहत असेल तर चामडे ताणले गेले आहे. बाहेरून अंगठा दाबल्यावर घड्या आणखी मिटत असतील, तर हेच कारण. उलट लावताना जीव काढावा लागत असेल तर पट्टा आखूड आहे, किंवा भाता नवा आहे. नवा भाता पहिले काही महिने स्प्रिंगसारखा बाहेर ढकलतो. तो वाजवून वाजवूनच नरम होतो. त्यासाठी पट्टे आवळू नका.

नवा पट्टा बसवणे

परदेशातून मूळ कंपनीचे पट्टे मागवता येतात, पण साध्या वाद्याला त्याची गरज नाही. चामड्याच्या बॅगा शिवणारा किंवा चांगला चांभार दोन्ही पट्टे तासाभरात करून देतो. माप मात्र तुम्ही घ्या. ते काम त्याच्यावर सोडू नका.

चामडे २ ते २.५ मिलिमीटर जाड आणि जुन्या पट्ट्याइतकेच रुंद घ्या, बहुधा २ सेंटिमीटरच्या आसपास. यापेक्षा जाड असेल तर टोपीची नळी आरपार येऊन पसरत नाही आणि बटण सुटते. रेक्झिन स्वस्त पडते, पण दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात आणि ते चिकट होते. घ्यायचेच असेल तर आत नायलॉनची पट्टी शिवून घ्या.

कापलेली चामड्याची पट्टी मापण्याआधी रात्रभर टांगून ठेवा, खालच्या टोकाला किलोभर साखरेची पिशवी. जे ताणायचे ते आत्ताच ताणून घेते. हे केले नाही तर महिन्याभरात सैल पट्ट्याची तक्रार परत दारात.

१. वाद्य टेबलावर खालच्या पायांवर उभे करा. हवेचे बटण दाबून भाता पूर्ण मिटा आणि दुसऱ्या माणसाला दोन्ही खोकी दोन तळव्यांत नुसती धरायला सांगा. दाबायला नव्हे.

२. शिंप्याच्या टेपने कायमच्या स्क्रूच्या मध्यापासून खुंटीच्या मध्यापर्यंत मोजा, टेप भात्याच्या चौकटीवरून फिरवून. तीनदा मोजा. वरचे आणि खालचे माप वेगवेगळे घ्या. दोन-चार मिलिमीटरचा फरक निघणे साहजिक आहे. पट्ट्यांच्या मागे 'व' आणि 'खा' लिहून ठेवा, नाहीतर अदलाबदल ठरलेली.

३. स्क्रूच्या मागे १० ते १२ मिलिमीटर आणि बटणाच्या पुढे जिभेसाठी २५ मिलिमीटर जास्त ठेवून कापा. जिभेचे टोक गोल करा.

४. स्क्रूच्या टोकाला आधी भोक पाडा आणि पट्टा बसवा. स्क्रूखाली वाटीसारखा वॉशर होता तसाच घाला. तो नसेल तर स्क्रूचे डोके हळूहळू चामड्यातून आरपार जाते.

५. खुंटीच्या डोक्यावर खडू घासा. पट्टा हाताने नीट ताणून तिच्यावर आणा आणि अंगठ्याने दाबा. आतल्या बाजूला पांढरा ठिपका उठेल. तो टेपच्या मापाशी ताडून पाहा. चामड्यासाठी ठिपक्यापासून २ मिलिमीटर आत, स्क्रूच्या दिशेने, खूण करा. टेपवर १४२ आले असेल तर भोक १४० वर.

६. पट्टा काढून भोक पाडा, टोपीची नळी जेमतेम जाईल एवढेच. बाहेरून टोपी, आतून वाटी, आणि ठशावर ठेवून हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके. हे काम वाद्याजवळ करू नका आणि वाद्यावर तर मुळीच नको. हातोडीच्या हादऱ्याने आतल्या सुरांच्या धातूच्या पट्ट्या (रीड) धरून ठेवणारे मेण तडकू शकते.

७. पुन्हा बसवून दहा-बारा वेळा उघडा-लावा. बरोबर बसलेला पट्टा लावताना डाव्या हाताने खोके किंचित आत दाबावे लागते, आणि लागल्यावर पट्टा सपाट राहतो. जीभ वर उचललेली दिसली तर तो फार आखूड आहे. पट्ट्याखाली बोट सहज सरकले तर लांब.

सैल खुंटी

पट्टा उत्तम आणि खुंटीच पिळत असेल तर लाकडातले भोक झिजले आहे. आपसूक सुचणारा उपाय म्हणजे लांब किंवा जाड स्क्रू. तो टाळा. खोक्याची भिंत पातळ असते. लांब स्क्रू आरपार गेला तर त्या भोकातून हवा सुटते, आणि नेमका आत सुरांचा (रीडचा) ठोकळा असेल तर आणखी पंचाईत. जाड स्क्रूने वरचे सेल्युलॉइड तडकते, ती चीर पुढे पसरत जाते.

खुंटी काढा. आगपेटीच्या काडीचे गुल नसलेले टोक चाकूने तासून बारीक करा, फेव्हिकॉलमध्ये बुडवा आणि भोकात सारा. एका काडीने भोक भरले नाही तर दोन घाला. वर उरलेले कापून सपाट करा. २४ तास हात लावू नका. मग आरीच्या टोकाने मध्ये बारीक खळगा करा आणि तीच जुनी खुंटी हाताने पिळा, शेवटचा अर्धा फेरा पकडीने. फेव्हिक्विकने लवकर होते, पण ते ठिसूळ, आणि ओघळून सेल्युलॉइडवर गेले की कायमचा डाग पडतो.

याच सेल्युलॉइडमुळे आणखी एक खबरदारी: ते झपाट्याने पेट घेते. नायलॉनच्या दोऱ्याचे टोक लायटरने वितळवायचे असेल तर पट्टा वाद्यावरून काढून, दूर नेऊन करा.

कार्यक्रम उद्या आणि पट्टा आज तुटला

रुंद सुती कापड घ्या, जुनी ओढणी किंवा उपरणे. भाता मिटून ते दोन्ही खोक्यांभोवती फिरवा आणि मागच्या बाजूला, पाठीच्या अंगाला गाठ मारा. कापड रजिस्टरच्या (आवाजाचा पोत बदलणाऱ्या) खटक्यांवरून किंवा बासच्या बटणांवरून जाऊ देऊ नका. पायजम्याची नाडी आणि सुतळी नको, त्या भात्याच्या कडेत रुततात. चिकटपट्टी तर नकोच: ती काढताना जुन्या वाद्याची पॉलिश आणि भात्याचा कागद सोबत येतो.

पट्टा नवा, तरी भाता उघडतो

मग पट्ट्याला दोष देणे सोडा आणि हवा कुठून सुटते ते पाहा. वाद्य टेबलावर बासचे खोके खाली ठेवून उभे करा, दोन्ही पट्टे सोडा. काहीही न दाबता सुरांचे खोके दोन्ही हातांनी चार बोटेच वर उचला. सोबत्याचा हात बासच्या खोक्याशी असू द्या. चांगल्या भात्यात बासचे खोके खालून उचलले जाऊ पाहते, आत ओढ जाणवते आणि घड्या अगदी संथ उघडतात. घड्या भसकन मोकळ्या झाल्या तर गळती आहे. घड्यांच्या कोपऱ्यांजवळ ओला हात फिरवला की हवेचा गार स्पर्श लागतो. कोपऱ्यांशी हवा लागली नाही तर दोष चौकटीखालच्या पट्टीत किंवा सुराच्या भोकावरच्या एखाद्या न मिटणाऱ्या झाकणात, आणि तिथून पुढे कारागिराकडे.

पावसाळ्यात

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, पट्टा सावलीत वाऱ्यावर तासभर ठेवा. उन्हात टाकलेले चामडे आकसते आणि माप बिघडते. पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. आठवड्यातून एकदा तरी वाद्य काढून दहा मिनिटे वाजवा. महिनोन्‌महिने मिटलेल्या भात्याच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि उघडताना कापडाचे पापुद्रे सोलले जातात.

पेटीत ठेवताना वाद्य खालच्या पायांवर, वाजवतो त्याच स्थितीत उभे राहील असे ठेवा. आडवे ठेवल्यास सुरांवरच्या चामड्याच्या झडपा एका बाजूला लोंबून वाकतात. पेटी सैल असेल तर भाता आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये नको, तर बासच्या खोक्याबाहेर जाड पंचाची घडी कोंबा. पेटी बंद करण्याआधी वरच्या आणि खालच्या दोन्ही जिभा एकदा ओढून पाहा, आणि खांदेपट्ट्यांची कोणतीही बकल भात्यावर टेकलेली नाही ना, तेही.